शेवटी चालू, आधी बंद

८ एप्रिल, मंगळवार

आज पुन्हा लाथ बसली. मी स्टुडिओत फोन लावला होता, मला स्वच्छ ऐकू आली.

शाळेच्या प्रयोगशाळेतली उरलेली जर्नलची वही घेतली आहे. मनात फार साठतं आणि घरात बोलण्यासारखं कोणी नाही, म्हणून लिहिते. कोणाच्या हाती पडलीच तर समजावं म्हणून नीट लिहिते.

लाथ हा ह्यांचा शब्द. स्पीकर चालू असताना त्यांच्यामागचा आवाजाचा मिक्सर बंद किंवा चालू केला की विजेचा झटका पुढे जातो आणि स्पीकर धप्प करतो. कोणी आतून लाथ मारावी तसा. एकदा-दोनदा काही होत नाही. रोज बसली की बारीक आवाजाचा जो छोटा स्पीकर असतो तो जातो. म्हणून नियम एकच. स्पीकर सगळ्यात शेवटी चालू करायचे, सगळ्यात आधी बंद करायचे. ह्यांनी पेणच्या आपल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत अठरा वर्षं तेच केलं.

हे १२ फेब्रुवारीला गेले, स्टुडिओतच, खुर्चीत बसल्या बसल्या. मी इद्दतीत आहे, नवऱ्यामागे घरात काढायचे चार महिने दहा दिवस. सासूबाईंच्या, म्हणजे अम्मींच्या, मोजणीप्रमाणे २० जूनपर्यंत रोह्याच्या ह्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. तोवर पेणची किल्ली मुझम्मिलकडे. मुझम्मिल माझा धाकटा दीर, कुवेतला असतो, मे अखेरपर्यंत रजेवर आहे. तो रोज गाडीने जाऊन स्टुडिओ उघडतो आणि संध्याकाळी दारातला मेन स्विच खाली ओढून येतो. एकदम सगळं बंद. स्पीकरसुद्धा.

त्याने पहिल्याच आठवड्यात अम्मींना सांगून ठेवलंय, "स्पीकर हायत तोवर स्टुडिओ हाय. ते गेले की मी नवीन घेणार नाय. सामान विकून जागा सोडायची."

मला स्टुडिओ ठेवायचा आहे. हे मी कोणाला बोलले नाही. मला फक्त २० जूनपर्यंत ते दोन स्पीकर जिवंत हवे आहेत.

९ एप्रिल

इद्दतीत मी मुझम्मिलच्या समोर यायचं नाही, असा अम्मींचा कडक नियम. त्यामुळे निरोप अम्मींमार्फत. मी स्वयंपाकघरातून सांगितलं, "अम्मी, त्याला म्हणावं, स्पीकर शेवटी चालू, आधी बंद."

अम्मी ओटीवर गेल्या. मला ऐकू येत होतं.

"अरे, ती म्हणते स्पीकर आधी चालू, शेवटी बंद."

"उलटं सांगितलंत!" मी आतून ओरडले.

"तेच तं सांगितला मी. आधी आणि शेवटी. तुजा एक आधी नि एक शेवटी, कोण ध्यानात ठेवील गो?"

मुझम्मिल हसला. म्हणाला, "अम्मी, भाभींना विचार, स्टुडिओ उघडायचाय का विमान उडवायचंय."

शेवटी कागदावर लिहून दिलं. आठ ओळी, प्रत्येक बटणाला नंबर. प्रयोगशाळेत बाटल्यांना लावतो तशी लेबलं कापून दिली. मिक्सर १, साउंड कार्ड २, डावा स्पीकर ३, उजवा ४. बंद करताना ४, ३, २, १.

१५ एप्रिल, मंगळवार

प्रणिताचा फोन. ती पेणजवळच्या गावातली, तीन वर्षं ह्यांच्याकडे कॉम्प्युटरवर जाहिराती जोडायला आहे. रिक्षावर लावतात त्या. साड्यांचा सेल, क्लासेस, मूर्तींच्या कारखान्याची सूट. वायरींना मात्र ह्यांनी तिला कधी हात लावू दिला नाही.

लेबलं लागली का, विचारलं.

"लागली ना भाभी. मीच लावली. मुझम्मिलभाई दारातूनच बघत व्हते."

"दारातून का?"

"ते आत नाय येत. मेन वर करतात आणि खाली शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसतात. दिवसभर. मी जाते तवा मेन खाली करतात."

म्हणजे माझा कागद वाया. चार बटणं दाबायला आत पाच पावलं चालायला हवं, तेवढाही कंटाळा. खुर्ची आहे, पंखा आहे, आणि हा पायरीवर बसतो. भावाच्या अठरा वर्षांच्या कामाची एवढीच किंमत. मातीच्या दुसऱ्या दिवशी विमानातून उतरला, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हा कबरीपाशी किती रडला होता. आता बटण दाबवत नाही.

प्रणिताला सांगितलं, तूच शीक. फोनवर एकेक नंबर शिकवला. स्पीकरची बटणं मागच्या बाजूला, भिंतीला लागून. तिचा हात पोचेना, मग पट्टीने दाबलं. लाथ बसली नाही. पहिल्यांदाच.

२४ एप्रिल

नऊ दिवस नीट. मग आज प्रणिता म्हणते, दुपारी दोनदा बसली.

"तू क्रम चुकवलास?"

"नाय भाभी, शप्पथ. मी जेवत व्हते. लाइट गेली तवा एकदा बसली आणि आली तवा एकदा. आलेली मोठी."

लाइट खरंच गेली होती? माझा विश्वास बसला नाही. मुझम्मिलने दारातून मेनशी खेळ केला असणार.

३ मे, शनिवार

लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

काल धोंडुबाई स्टुडिओत आल्या होत्या. मिठागराकडच्या गावातल्या, सत्तरीच्या पुढच्या. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणतात. हळदीपासून वरात येईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं त्यांना पाठ, कागद कुठेच नाही. ह्यांनी त्यांचे सोळा धवले रेकॉर्ड केले होते, पाच राहिले. ते काम जाहिरातींचं नव्हतं. ते ह्यांनी स्वतःसाठी धरलं होतं.

धोंडुबाईंना जुने सोळा ऐकायचे होते. कानाला हेडफोन लावून घेत नाहीत. "मना नाय आवरत. आपलाच आवाज आपल्या डोसक्यान कोंबल्यासारका." म्हणून प्रणिताने स्पीकरवर लावलं. मधेच लाइट गेली. धप्प. आली. धप्प. आणि मग डावा स्पीकर फरफर करायला लागला. सूर वर गेला की फरफर.

प्रणिता म्हणाली, धोंडुबाईंनी गळ्याला हात लावला. म्हणाल्या, "माजा आवाज फाटलाय का गो? आदी तं असा नव्हता." तिने समजावलं, स्पीकर बिघडलाय. त्यांना पटलं नाही. डोक्यावर पदर घेऊन निघून गेल्या. राहिलेले पाच आता म्हणणार नाही, म्हणतात.

मी अम्मींची पर्वा न करता ओटीच्या दाराशी गेले आणि पडद्याआडून मुझम्मिलला बोलले. इतकं मी कधीच कोणाला बोललेले नाही. म्हणाले, भावाची एक वस्तू सांभाळता येत नाही, तर किल्ली ठेवून दे आणि आजच कुवेतला जा.

तो म्हणाला, "मी मेनला हात नाय लावला, भाभी."

"मग कोणी लावला?"

"आता विकू या. तुम्हाला पण तरास नाय, मला पण नाय."

अम्मी माझ्यावरच रागावल्या. जेवण कोणाचंच झालं नाही.

४ मे

मुझम्मिल आज पेणला गेला नाही.

६ मे, मंगळवार

आजही नाही. प्रणिता कासूला मावशीकडे जाऊन आली, म्हणे घरी बसून काय करू. मी चिडले आहे, पण कोणावर ते नीट सांगता येत नाही. प्रयोग फसला की मुख्याध्यापक मला म्हणायचे, आधी जोडणी तपासा, मग मुलांना बोला. मी जोडणी न बघताच बोलले, हे खरं आहे. पण मी बघणार कशी?

७ मे

अम्मींनी समजावून मुझम्मिलला पाठवलं. व्हिडिओ कॉल केला आणि प्रणिताला टेबलाखाली घातलं.

"एक वायर धर. दुसऱ्या टोकापर्यंत जा. सोडू नको. कशाला लागली ते सांग."

"जाळी हाय भाभी इथं. कोळी पण हाय."

"राहू दे त्याला."

तासभर लागला. मी डाव्या पानावर आकृती काढत गेले. मिक्सर भिंतीवरच्या बोर्डाला. साउंड कार्ड त्याच बोर्डाला. कॉम्प्युटर यूपीएसला. आणि दोन्ही स्पीकर यूपीएसला.

आकृती पुरी झाली आणि समजलं. लाइट गेली की मिक्सर मरतो, पण यूपीएसमुळे स्पीकर जागेच राहतात. मरताना मिक्सर जो झटका देतो तो सरळ स्पीकरला. लाइट आली की मिक्सर उठतो, स्पीकर जागेच. आणखी मोठा झटका. बरोबर उलटी जोडणी. मुझम्मिलने काहीच केलं नव्हतं.

प्रणिताला विचारलं, अशी जोडणी केली कोणी?

ती म्हणाली, "भाभी, रागवू नका. यूपीएस तुम्हीच दिला व्हता ना भाईंना? तुम्हीच बोललात म्हणे, महागाची वस्तू यूपीएसवर लावा."

मीच म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी, ईदला. शाळेतला फ्रिज व्होल्टेजने जळला होता, म्हणून मला धास्ती. मी स्टुडिओत स्वतः उभी राहून सांगितलं, स्पीकर आधी यूपीएसवर घाला, बाकीचं काय ते नंतर. मिक्सरच्या पिना भरायला त्यावर जागाच उरली नव्हती.

"मग दोन वर्षं लाथ बसत होती?"

"जाताना बारीक बसायची. पण लाइट गेली की भाई उठून स्पीकर बंद करायचे, लगेच. चहा हातात असला तरी. लाइट आली की मग शेवटी चालू. मी एकदा बोलले, वायर बदला ना. तर म्हणाले, यूपीएस अफिफाने लावलाय. ऱ्हाऊ दे."

मला सांगायला काय झालं होतं? मी काय त्यांना खाल्लं असतं? चूक आहे म्हटलं असतं तर मी स्वतः पिन काढली असती. दिवसातून चार वेळा उठायचं, हातात चहा, आणि बायकोला एक वाक्य बोलायचं नाही. आता भांडायलाही नाहीत.

१० मे, शनिवार

मुझम्मिलला सांगितलं. पडद्याआडूनच. "चूक माझी होती. यूपीएसवर स्पीकर मी लावायला सांगितले होते."

तो म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं. मला वाटला, मीच काय तरी केला असंल." आणि मग, "भाईजान पण तुम्हाला घाबरून व्हते म्हणजे!"

अम्मी हसल्या. मी नाही.

१२ मे, सोमवार

जोडणी उलटी करायची हे सोपं. मिक्सर आणि साउंड कार्ड यूपीएसवर, स्पीकर थेट लाइटवर. लाइट गेली की स्पीकर आधी मरतील, मिक्सर जागा राहील. अर्धा प्रश्न सुटला. पण यूपीएस जुना, वीसेक मिनिटं टिकतो. पेणला वारा सुटला की दोन-दोन तास लाइट नसते. तेवढ्यात मिक्सरही मरणार, आणि लाइट आली की सगळे एकदम उठणार. लाथ.

प्रणिता दर वेळी असेलच असं नाही. स्पीकर स्वतःहून उशिरा उठायला हवेत. त्यासाठी यंत्र मिळतं, ती मुंबईहून मागवायची वस्तू. मुझम्मिलला सांगायची सोय नाही, तो विकायला बसलाय.

१४ मे

लाइट गेली आणि अर्ध्या तासाने आली. पंखा फिरला. फ्रिज गप्प. अम्मी नेहमीप्रमाणे फ्रिजवर थापा मारायला लागल्या. "मेला का हा? माझी सुरमई हाय आत!"

"अम्मी, स्टॅबिलायझर आहे. तीन मिनिटांनी चालू होतो. मोटर जळू नये म्हणून थांबतो."

हे मी त्यांना सहा वर्षं सांगते आहे. आज सांगता सांगता मीच थांबले.

फ्रिजची पिन काढून टेबललॅम्प लावला. मेन खाली, मेन वर. घड्याळ धरलं. तीन मिनिटं चार सेकंद. पुन्हा. तीन-चार. पुन्हा. तीन-पाच. तीन वेळा केल्याशिवाय मी निरीक्षण लिहीत नाही. मधेच खटका होतो, टक्, आणि दिवा लागतो.

अम्मींना सांगितलं, हा पेणला न्यायचा, आणि ह्याच्याशिवाय फ्रिज लावायचा नाही.

"आणि सुरमई?"

"आजच करू कालवण."

"आणि उद्याची?"

"उद्याची उद्या आणू."

"नवरा गेला, आता फ्रिजपण जातोय," अम्मी म्हणाल्या. मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग आम्ही दोघींनी सुरमई साफ करायला घेतली.

१५ मे, गुरुवार

मुझम्मिल स्टॅबिलायझर पिशवीत घालून गाडीने गेला. प्रणिताने नव्या आकृतीप्रमाणे जोडलं, स्पीकर स्टॅबिलायझरवर. मी फोनवर. दारातला मेन खाली ओढायला लावला. काही नाही. यूपीएसची बोंब तेवढी ऐकू आली. मेन वर केला. काही नाही. मग खूप वेळाने लांबून टक्, आणि प्रणिता म्हणाली, "उठले, भाभी. गपचूप उठले."

आता मुझम्मिल दारातून मेन ओढूनही निघाला तरी चालेल. एक जुनीच अडचण उरली. मेन ओढला की यूपीएस ओरडत राहतो, आणि खालचा शिंपी तक्रार करतो. म्हणजे मेन ओढल्यावर आत जाऊन यूपीएसचं बटण दाबायचं. प्रणिता हल्ली शेवटच्या गाडीसाठी त्याआधीच निघते. तेव्हा ते मुझम्मिलने करायचं. क्रम सोपा, मेन आधी, यूपीएस नंतर. अम्मींच्या हाती निरोप दिला नाही, मीच बोलले.

"आत जायला लागंल?" त्याने विचारलं.

"पाच पावलं."

१६ मे

मुझम्मिल शेवटच्या गाडीने आला. रोजची गाडी चुकली म्हणे. एक बटण दाबायचं होतं.

२० मे, मंगळवार

शिंप्याने प्रणिताला सांगितलं, तुमचे भाई रोज लाइट बंद करून वर अंधारात बसतात. यूपीएस केव्हाच गप्प झालेला असतो. अर्धा अर्धा तास.

एका बटणाला अर्धा तास कशाला लागतो, मला समजत नाही. बटण अडकत असेल तर सांगावं, साफ करून घेता येईल. मी विचारलं तर म्हणाला, "नाय भाभी, बटण चांगला हाय."

अम्मी म्हणाल्या, विचारू नको त्याला. अम्मींचं हे नेहमीचं.

२९ मे, गुरुवार

मुझम्मिल उद्या जातो. लवकर पाऊस लागलाय, कपडे वाळेनात, अम्मींची चिडचिड.

सामान विकायची बातमी आज देणार असं मी धरून चालले होते. उत्तरं तयार करून ठेवली होती, पाच-सहा. त्याने किल्ली अम्मींकडे दिली आणि म्हणाला, "प्रणिताकडे एक हाय. ही भाभींची. जागेच्या मालकाला मी बोललोय. वर्षभर काय बोलणार नाय तो."

माझं एकही उत्तर वापरावं लागलं नाही. मग राग कसला येतोय कोण जाणे. महिनाभर विकतो विकतो म्हणून जीव खाल्ला, आणि आता असा. मला विचारायचं होतं, का बदललं मन. विचारलं नाही.

जाताना पडद्याबाहेर उभा राहून म्हणाला, "भाभी, भाईजानच्या खुर्चीचा एक चाक ढिला हाय. बसताना जपून." त्याला कसं कळलं?

२३ जून, सोमवार

इद्दत पुरी झाली. शुक्रवारी अम्मींनी दुआ केली. आज मी पेणला गेले. अम्मींनी डबा दिला आणि फ्रिजबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

लिहिण्यासारखं जास्त नाही. खोली लहान वाटली. डावा स्पीकर अजून वरच्या सुरावर फरफर करतो. तो तसाच राहणार, पण आता वाढत नाही. मी बसले. खुर्ची डावीकडे कलते.

प्रणिताने धोंडुबाईंना निरोप पाठवलाय. त्या येतील असं मला वाटत नाही.

२६ जून, गुरुवार

धोंडुबाई आल्या. सोबत सून, ती बाहेरच बसली. मला बघून म्हणाल्या, "ही कोन? सुलेमानची बाय का?"

"हो."

"बोलत नाय वाटतं."

"कमी बोलते," प्रणिता म्हणाली.

मी डावा स्पीकर पूर्ण बंद केला आणि त्यांचा जुना धवला एकट्या उजव्यावर लावला. आवाज स्वच्छ आला. त्या पुढे वाकून ऐकत होत्या. हात गळ्याकडे गेला आणि खाली आला. म्हणाल्या, "हा माजा हाय." मग, "तो दुसरा डबा खोटारडा व्हता तं."

हळद कुटतानाचा धवला म्हणायला बसल्या. मी काचेच्या अलीकडे. एकदाच म्हटला आणि बाहेर येऊन ऐकायला बसल्या. दोन ओळी वाजल्या आणि लाइट गेली.

लाथ नाही. स्पीकर गप्प झाला एवढंच. मिक्सरचे छोटे दिवे चालू, यूपीएस ओरडायला लागला. पाच मिनिटांत लाइट आली. पंखा फिरला, यूपीएस थांबला. धोंडुबाई स्पीकरकडे बघतात, मी घड्याळाकडे.

"आली ना लाइट. मंग लाव."

"तीन मिनिटं थांबावं लागतं."

"कशाला?"

मी त्यांना मिक्सर आणि झटका समजावायला लागले. त्या ऐकेनात. "तीन मिंटं गप बसायचा का नुसता? काय तरी बोल. तो कसा गेला गो? मना कोनी नीट सांगितलाच नाय. चांगला माणूस व्हता. माज्या पायाला बरं नाय म्हणून जिना उतरून घ्यायला यायचा."

मला कोणी विचारलं नव्हतं. आले ते सगळे सबर कर म्हणाले. मी घड्याळाकडे बघत सांगायला लागले. त्या दिवशी सकाळी नाचणीची भाकरी खाल्ली, सातची गाडी पकडली. दुपारी प्रणिता पोस्टात गेली होती. ती आली तेव्हा मान खाली होती, तिला वाटलं ऐकतायत. स्पीकरवर तुमचाच धवला चालू होता. संपत होता आणि परत पहिल्यापासून लागत होता. कॉम्प्युटरला तसं लावून ठेवलं होतं ह्यांनी. किती वेळा वाजला असेल ते...

टक् झालं. उजव्या स्पीकरचा हिरवा दिवा लागला. मी बोलायची थांबले आणि बटणाकडे हात नेला.

धोंडुबाईंनी माझं मनगट धरलं. हात खरखरीत, मिठाने चिरलेला.

"ऱ्हाऊ दे तो. माजा काय, कंदीबी वाजंल. पुडं सांग."

मी पुढे सांगितलं.